म्बुजी-मायी: एवढे हिरे निघतात तरी शहर गरीब का?

कासवगती: काँगोच्या कासाई भागातल्या म्बुजी-मायीबद्दल वाचत होते. लाखांची वस्ती, पायाखाली हिरे, एकेकाळी जगातल्या औद्योगिक हिऱ्यांचा मोठा हिस्सा इथून जायचा म्हणे. आणि तरी तिथे बहुतेक घरांत वीज नाही, नळाला पाणी नाही, मुलं शाळा सोडून खड्ड्यात उतरतात. पैसा जातो कुठे? "नेते भ्रष्ट" एवढंच उत्तर नकोय, ते माहितीये, नीट समजून घ्यायचंय.

दगडधोंडे: ताई, आधी दगड कुठला ते बघा. तिथला बहुतेक माल अंगठीतला हिरा नाहीच, बोर्ट म्हणतात त्याला, काळपट करडा, तो ड्रिलच्या टोकाला नाहीतर कापायच्या चकतीत जातो. काँगोच्या कच्च्या हिऱ्याला अलीकडच्या कितीतरी वर्षांत कॅरेटमागे सरासरी 15 डॉलरसुद्धा मिळालेले नाहीत, बोट्स्वानात त्याच्या कितीतरी पट. त्यात 1950 च्या दशकात कारखान्यात हिरा बनवायला लागले आणि पुढे तो स्वस्त होत गेला, मग या मालाला भाव येणार कुठून. म्हणजे ढिगाने निघतो, पण त्याच्यावर शहर उभं राहील एवढं मोल त्याला नाही.

लांबचा_प्रवासी: मी कामानिमित्त तिथे आठवडाभर होतो. कडेला कसलाही आधार न देता खणलेले अरुंद खड्डे, माणूस दोराने खाली जातो, वर पोत्यातून खडी येते, मग नदीच्या पाण्यात चाळण्या हलवत तासन् तास उभं राहायचं. या खणणाऱ्यांना तिकडे क्रझर (फ्रेंचमध्ये खणणारा) म्हणतात. पगार नाही. खायचा आणि फावड्याचा खर्च कोणीतरी आधी करतो आणि हिरा निघाला की वाटणीत त्याचा हिस्सा आधी, मग फिरता व्यापारी, मग कोंप्त्वार म्हणजे खरेदीचं दुकान. खणणाऱ्याला त्या खड्याची पुढची किंमत कधी कळतच नाही.

पण मला जास्त लक्षात राहिल्या त्या सायकली. त्यावर कोणी बसत नाही, मक्याची पोती इतकी लादलेली असतात की हँडलला काठी बांधून माणूस ती ढकलत चालतो, चढावर दोघं लागतात. मका बाहेरून येतो, आणि रस्ता पावसाने तुटला की भाव चढतो. हिरे खणणाऱ्याच्या घरात त्या दिवशी न्शिमा (मक्या-कसाव्याच्या पिठाचा गोळा) शिजते की नाही हे त्या सायकलींवर ठरतं, हे बघून मला खरंच फार वाईट वाटलं होतं.

जुनीपानं: इतिहास राहिला. गावाचं आधीचं नाव बाक्वांगा, खाणकंपनीची वसाहत. 1960 मध्ये स्वातंत्र्याच्या सुमारास लुलुआबूर्गकडून (आताचं कानांगा) लुबा जमातीचे लोक जीव वाचवून इथे आले, शहर एकदम फुगलं, त्यांच्यासाठी काही तयारीच नव्हती. त्याच वर्षी लुबांचे नेते आल्बेर कालोंजींनी दक्षिण कासाई वेगळं राज्य म्हणून जाहीर केलं, ते 1962 पर्यंत मोडलं. नंतर मीबा ही हिऱ्यांची खाणकंपनी, 80 टक्के सरकारची, तिच्यावर पगार, दवाखाना, वीज सगळं. अख्खं शहर एका कंपनीच्या खांद्यावर! 2008 च्या मंदीत तिचं काम बंद पडलं, कामगारांचे पगार थकले, आणि दुसरा धंदा कोणी उभाच केला नव्हता.

एक गोष्ट मला या लोकांची फार आवडते: 1993 मध्ये तेव्हाचे हुकूमशहा मोबुतूंनी नवीन झैर (तेव्हाचं चलन) नोटा काढल्या तेव्हा कासाईने त्या घ्यायलाच नकार दिला, जुन्याच नोटांवर व्यवहार चालू ठेवला.

कासवगती: हे कुठेच वाचलं नव्हतं, थँक्यू. मग 2003 च्या किंबर्ली प्रक्रियेने (कच्च्या हिऱ्यांना सर्टिफिकेट द्यायची आंतरराष्ट्रीय व्यवस्था) काही फरक नाही पडला का?

दगडधोंडे: ती बंडखोरांनी युद्धासाठी विकलेले हिरे अडवायला आहे. खणणाऱ्याला काय मिळालं, खड्डा कोसळला का, हे त्या सर्टिफिकेटवर कुठे विचारलेलंच नाही. कागद स्वच्छ असतो, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी परत खाली उतरतो.