सॅन मारिनोचा माइल्स अमीन : दीपक पुनियाला हरवणारा हा मल्ल घडला कुठे?

गादीवरचा_प्रेक्षक :
टोकियो ऑलिम्पिकमध्ये ५ ऑगस्ट २०२१ रोजी ८६ किलो फ्रीस्टाइल गटाच्या कांस्यपदकाच्या लढतीत आपला दीपक पुनिया सॅन मारिनोच्या माइल्स अमीनकडून २-४ असा पराभूत झाला. ती कुस्ती मी नुकतीच पुन्हा पाहिली. अखेरच्या काही सेकंदांपर्यंत दीपक २-१ असा आघाडीवर होता आणि त्याचा बचावही भक्कम होता. तेवढ्यात अमीनने त्याचा पाय धरून त्याला खाली घेतले आणि पदक हातचे गेले. चोहोबाजूंनी इटलीने वेढलेल्या, सुमारे ३४,००० वस्तीच्या देशात या तोडीचा मल्ल कसा तयार होतो? शिवाय अमीन उपांत्यपूर्व फेरीतच हरला होता, मग तो कांस्यपदकासाठी कसा उतरला? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

तालीम_ते_मॅट :
अमीन सॅन मारिनोत घडलेला नाही. तो अमेरिकेतील मिशिगन राज्यातला. त्याचे आजोबा नाझेम अमीन १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये लेबनॉनकडून ग्रीको-रोमन (कमरेखाली पकड न घेता होणारी) कुस्ती खेळले होते, वडील मिशिगन विद्यापीठाचे मल्ल होते आणि माइल्स व त्याचा भाऊ मलिक हे दोघेही त्याच विद्यापीठातून पुढे आले. सॅन मारिनोचे नागरिकत्व त्यांना आईच्या घराण्याकडून मिळाले. योगायोग असा की, सॅन मारिनोने ऑलिम्पिकमध्ये पहिले पाऊल ठेवले तेही १९६० सालीच, रोममध्ये.

त्याची जडणघडण समजून घ्यायची तर अमेरिकी महाविद्यालयीन कुस्ती पाहायला हवी. तिचे नियम फ्रीस्टाइलपेक्षा वेगळे आहेत : प्रतिस्पर्ध्याला खाली दाबून जास्त वेळ ताब्यात ठेवले तर त्याचाही गुण मिळतो आणि खालच्या मल्लाने सुटका करून घेतली तर त्यालाही. परिणामी तिथला मल्ल पायात शिरून ताबा घेण्यात तरबेज होतो आणि शेवटच्या क्षणापर्यंत हल्ला सोडत नाही. दीपकविरुद्ध जे घडले त्याचे मूळ मला तिथेच दिसते.

नियम_अभ्यासक :
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रेपेचाजच्या नियमात आहे. जो मल्ल अंतिम फेरीत पोहोचतो, त्याच्याकडून आधीच्या फेऱ्यांत हरलेल्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा संधी मिळते. त्या गटात अमेरिकेचा डेव्हिड टेलर अंतिम फेरीत गेला. त्याने आधी बेलारूसच्या अली शाबानाऊला, मग अमीनला १२-२ असे आणि उपांत्य फेरीत दीपकला १०-० असे हरवले होते. म्हणून अमीनने प्रथम शाबानाऊला हरवले आणि मग तो दीपकसमोर आला. टेलरने अंतिम फेरीत इराणच्या हसन याझदानीला ४-३ असे नमवून सुवर्णपदक घेतले.

गुणांचा हिशेबही पाहावा. दीपक २-१ असा पुढे असताना अमीनने ताब्याचे दोन गुण घेतले, म्हणजे ३-२. आपल्या बाजूने पंचांच्या या निर्णयाला आव्हान दिले, ते फेटाळले गेले आणि त्याबद्दल आणखी एक गुण अमीनला मिळाला, म्हणजे ४-२. केवळ एका गुणाच्या आघाडीवर शेवटचे अर्धे मिनिट काढणे गादीवर किती जोखमीचे असते, हे आपल्या तालमींतल्या तरुण मल्लांना ही कुस्ती दाखवून शिकवावे, असे मला मनापासून वाटते.

पूर्वेचा_वारा :
माहिती उत्तम आहे, परंतु एक शंका मांडतो. मिशिगनमध्ये वाढलेल्या मल्लाचे पदक सॅन मारिनोचे कसे मानावे? पॅरिसमध्ये २०२४ साली याच गटाचे सुवर्णपदक रशियातील दागेस्तानात जन्मलेल्या मागोमेद रमाझानोव्हने बल्गेरियासाठी जिंकले. बलाढ्य देशांत जागा न मिळालेल्या मल्लांनी असे झेंडे घेतले, तर त्या छोट्या देशातल्या पोरांना काय मिळणार?

तालीम_ते_मॅट :
आपली शंका रास्त आहे, तरी दोन्ही प्रकरणे मी एका मापाने मोजणार नाही. अमीनचे नागरिकत्व कुळातून आलेले आहे. अर्थात एका वजनगटात एका देशाचा एकच मल्ल उतरतो आणि अमेरिकेत ८६ किलोला टेलर होता, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. २०२२ च्या महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धेत १८४ पौंडांच्या अंतिम लढतीत अमीनला हरवणारा आरोन ब्रूक्स पुढे २०२४ च्या अमेरिकी निवड चाचणीत टेलरला हरवून पॅरिसला गेला आणि कांस्यपदक घेऊन आला. अशा रांगेत अमीनला जागा मिळणे फार कठीण होते.

पण त्याला पुढे चाल कोणी दिली नाही. २०१९ च्या नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत पहिल्या सहांत येऊन त्याने टोकियोचे तिकीट मिळवले. तिथेच दीपकने रौप्यपदक जिंकले होते. २०२२ मध्ये तो बुडापेस्टला युरोपियन विजेता झाला, आणि युरोपातला हा वजनगट कोणालाही सोपा जात नाही.

टोकियोला सॅन मारिनोचे पाचच खेळाडू गेले होते. अलेस्सांद्रा पेरिल्लीने ट्रॅप (उडत्या लक्ष्यांवरच्या) नेमबाजीत देशाचे पहिलेवहिले पदक जिंकले, जियान मार्को बेर्तीसह मिश्र ट्रॅपमध्ये रौप्य मिळवले आणि तिसरे पदक अमीनचे. पॅरिसमध्ये मात्र त्या देशाची पाटी कोरी राहिली. तिथल्या पोरांसाठी कुस्तीची तालीम उभी राहिली का, हा आपला प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. ते काम एकट्या अमीनकडून होण्यासारखे नाही.