साठीनंतरचे टॉन्सिल्स : ‘व्हायरल आहे’ म्हटलं की विषय संपतो का?

सई_मिरज
आई ६८ वर्षांची. दीड वर्षात पाच वेळा घसा धरला. आवंढा गिळताना कळ, बारीक ताप, आणि पहिल्या चारही वेळी अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या. पाचव्या वेळी नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “व्हायरल आहे, मिठाच्या गुळण्या करा, पॅरासिटामॉल घ्या.” आई रुसली, मला मात्र पटलं. मोठ्या माणसांच्या घसादुखीत १०० पैकी साधारण ५ ते १५ जणांनाच स्ट्रेप्टोकोकस (अँटिबायोटिकने मरणारा जंतू) असतो, मुलांमध्ये २० ते ३०. स्ट्रेपची शक्यता लक्षणांवरून मोजणाऱ्या मॅकआयझॅकच्या गुणपद्धतीत तर ४५ वर्षांपुढे एक गुण वजाच करतात. म्हाताऱ्या माणसांना आपण उगाच अँटिबायोटिक चारतोय. आईला दिलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनने हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१३ मध्येच दिला होता. आईला हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का, हे चार वेळांत कुणी विचारलंही नाही.

काका_विटा
अजिबात पटलं नाही. मला ६१व्या वर्षी हेच ऐकवलं होतं. चौथ्या दिवशी तोंडात दोन बोटं जातील एवढाही जबडा उघडेना, स्वतःची लाळ गिळता येईना, वाटी हातात धरून बसलो होतो. टॉन्सिलच्या मागे पू झाला होता. सुईने काढला तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. मला मधुमेह आहे. अशा माणसाला ‘व्हायरल’ म्हणून घरी पाठवणं म्हणजे जुगार आहे. आणि स्ट्रेपची झटपट तपासणी आमच्याकडे मिळते कुठे?

सई_मिरज
काका, तुमचं दुखणं खरंच भयंकर होतं. पण म्हणून प्रत्येकाला पहिल्याच दिवशी गोळ्या? तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून घसा बघणं हा मार्ग नाही का? बघायचंच नाही आणि गोळी द्यायची, याला माझा विरोध आहे.

घसातज्ज्ञ_२२वर्षे
दोघंही अचानक उठणाऱ्या दुखण्याबद्दल बोलताय. वारंवार होणाऱ्या दुखण्याचं गणित वेगळं. टॉन्सिलवरच्या खोबणींत जंतूंचा चिकट थर बसतो, औषध तिथं नीट पोचत नाही, म्हणून गोळ्या संपल्या की काही दिवसांनी पुन्हा तेच. विषाणूंचा हात नसतोच असं नाही. सर्दीच्या विषाणूने आतलं अस्तर सोलवटलं की जंतूंना आयती जागा मिळते. पण एपस्टाइन-बार विषाणू ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात जन्मभर मुक्काम ठोकून असतो, अ‍ॅडेनोव्हायरसही टॉन्सिलच्या पेशींत दडून राहतो. म्हणून टॉन्सिलच्या तुकड्यात विषाणू सापडला म्हणजे दुखणं त्यानेच केलं, असं मी कधीच म्हणणार नाही.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. वयाबरोबर टॉन्सिल्स आक्रसतात. साठीनंतर ते सारखे सुजत असतील, त्यातही एकाच बाजूचा मोठा असेल, तर व्हायरल की जंतू हा वाद बाजूला ठेवून आधी गाठ नाही ना ते बघायचं. कॅन्सर असू शकतो, लिम्फोमा (लसिकापेशींचा कॅन्सर) असू शकतो. तंबाखू-मिश्री असेल तर एक दिवसही थांबू नका. त्याच बाजूचा कान दुखणं, मानेत गाठ लागणं, वजन उतरणं, हे विचारा. मी पाहिलेल्या काही रुग्णांचे पाच-सहा महिने नुसत्या गोळ्या बदलण्यात गेले होते.

काका_विटा
हे कुणी सांगितलंच नव्हतं. तरी माझं म्हणणं कायम आहे, मधुमेह असलेल्याला वेगळा नियम लावा.

घसातज्ज्ञ_२२वर्षे
मान्य. त्यांना तिसऱ्या दिवसाची वाट बघायला लावू नये, दुसऱ्याच दिवशी बघावं.

सई_मिरज
अँटिबायोटिकबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण आत्ता आईला खिडकीपाशी बसवलं, चमच्याने जीभ दाबली आणि मोबाईलचा उजेड धरला. उजवा टॉन्सिल दिसतही नाही. डावा सुपारीएवढा आहे. आई तीस वर्षं मिश्री लावते. उद्या सकाळी दहाची वेळ घेतली आहे.