मदत हवी आहे : ‘गार्गॉइल’ला मराठीत काय म्हणावे?
नमस्कार. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरील (बांधकामाचा आरंभ १८७८) दगडी प्राण्यांविषयी लिहिताना मी एका शब्दापाशी अडलो आहे. ‘गार्गॉइल’ हा शब्द ‘घसा’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला असून, छतावरचे पावसाचे पाणी तोंडावाटे भिंतीपासून दूर फेकणारे शिल्प, हाच त्याचा काटेकोर अर्थ आहे. त्यामुळे पॅरिसच्या नोत्र दाम या चर्चवर एकोणिसाव्या शतकात बसवलेले प्रसिद्ध राक्षस त्यात मोडत नाहीत, कारण ते पाणी वाहून नेत नाहीत. ‘गोमुख’ म्हटले की गाय आणि तीर्थच डोळ्यांसमोर येते, आणि नुसते ‘पन्हळ’ म्हणावे, तर सारी गंमतच वाहून जाते. पाणी ओकणाऱ्या आणि निव्वळ शोभेच्या आकृतींसाठी वेगवेगळे रूढ मराठी शब्द असल्यास जाणकारांनी कृपया सुचवावेत. ‘मकरमुख’ चालेल का?