कोणता फोटो हुकला? – खिशात मावणारा, परवडणारा कॅमेरा निवडतानाचे अनुभव

तिरीप

मागच्या वर्षी बाबा पंचाहत्तर वर्षांचे झाले. संध्याकाळी घरातच सगळे जमलो होतो, दिवे लागले होते, आणि पाच वर्षांची नात त्यांच्याभोवती नुसती भिरभिरत होती. मी फोनवर दीडशेच्या वर फोटो काढले. त्यातल्या एकातही बाबांचं हसू आणि तिचा चेहरा दोन्ही स्पष्ट नाहीत. बाबा खुर्चीत बसलेले, म्हणून ते नीट आलेत. ती प्रत्येक फोटोत रंगाचा एक फराटा.

तेव्हापासून एक छोटा कॅमेरा शोधते आहे. मोठा, भिंगं बदलायचा कॅमेरा मी रोज जवळ बाळगणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. खर्चही बेतातच करायचा आहे. वापरलेला घ्यायची तयारी आहे. मेगापिक्सेल, झूम, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) सगळं वाचून झालं, पण एक निर्णय होईना. म्हणून इथे वेगळा प्रश्न विचारते: तुमचा कोणता फोटो सारखा हुकत होता म्हणून तुम्ही कॅमेरा घेतलात, आणि घेतल्यावर तो फोटो मिळाला का? स्वतः वापरलेल्या कॅमेऱ्याबद्दलच लिहा. खरेदी चुकली असेल तर आवर्जून लिहा.

जुनाखोका

तिरीप, तुमचा हुकलेला फोटो आणि माझा एकच. घरातला उजेड, हलणारं माणूस. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मी पहिली चूक केली ती मेगापिक्सेल बघून. आधीच्या ६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याऐवजी नवा, तिप्पट मेगापिक्सेलचा घेतला आणि दिवे लागल्यावरचे फोटो आधीपेक्षा वाईट यायला लागले. कारण माहितीपत्रकात तळाशी बारीक अक्षरात होतं: उजेड टिपणाऱ्या सेन्सरचा आकार. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा १/२.३ इंच असं लिहिलेलं असतं. तो प्रत्यक्षात साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. (तोही इंचभर नसतोच. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असायच्या, त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून ही मापं पडली आणि नळ्या गेल्या तरी मापं राहिली.) पण क्षेत्रफळ चौपट, आणि तेवढाच उजेड जास्त गोळा होतो.

दुसरा आकडा भिंगावर कोरलेला असतो. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त: एफ १.८ आणि एफ ६.३ यांच्यात उजेडाचा फरक बारा पटींचा आहे. दोन आकडे लिहिलेले असतील तर पहिला झूम न करताचा, दुसरा पूर्ण झूम केल्यावरचा. विकणारा पहिला सांगतो. दुसरा आपण वाचायचा.

मी आधी वापरत होतो तो २००६ चा फुजीफिल्म एफ ३०. ६ मेगापिक्सेल, पण सेन्सर त्या काळच्या मानाने मोठा, आणि आयएसओ ८०० ला घरातले फोटो बिनदिक्कत छापावेत असे यायचे. एका चार्जिंगमध्ये पाचशेच्या वर फोटो निघायचे. आता त्याची शिफारस करणार नाही, कारण त्याला एक्सडी नावाचं जुनं मेमरी कार्ड लागतं. ओलिंपस आणि फुजीफिल्म या दोघांनीच ते आणलं होतं आणि पुढे दोघांनीही एसडी कार्ड स्वीकारलं, त्यामुळे एक्सडी कार्डं जुन्यातूनच शोधावी लागतात.

सध्या वापरतो तो सोनी आरएक्स १००, पहिली आवृत्ती, २०१२ ची. वापरलेलाच घेतला. एक इंची सेन्सर, झूम न करता एफ १.८, वजन २४० ग्रॅम. पूर्ण झूमला एफ ४.९ होतो, म्हणजे उजेड सात पटींनी घटतो. म्हणून संध्याकाळी घरात मी झूमला हात लावत नाही, दोन पावलं पुढे जातो. पुढच्या आवृत्त्या जास्त चांगल्या आहेत, पण पहिलीचा सेन्सर तुमच्या कामाला पुरेल.

अबोली_

मी लहान मुलांना शिकवते. माझे हुकलेले फोटो म्हणजे उड्या, नाच, फुगड्या. मी मोठ्या सेन्सरच्या वाटेला गेलेच नाही. साधा १/२.३ इंचीच कॅमेरा घेतला, पण त्याला खरा झेनॉन फ्लॅश आहे.

फोनचा दिवा म्हणजे बारीक टॉर्च. तो लागून राहतो. झेनॉनचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, त्यामुळे उडी हवेतच गोठते. एवढ्या एका गोष्टीसाठी मला हा कॅमेरा सार्थ वाटतो. तक्रारी आहेत: तीन मीटरच्या पुढे त्याचा उजेड पोचत नाही, आणि फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून असल्याने डोळे लाल येतात. समोरच्यांनी नजर किंचित बाजूला ठेवली की लाली कमी होते.

तिरीप, फ्लॅशने मागचं सगळं काळं पडतं असं वाटत असेल तर नाइट पोर्ट्रेट नावाचा मोड वापरून पहा. फ्लॅश उडतो आणि शटर जरा जास्त वेळ उघडं राहतं, त्यामुळे खोलीतल्या दिव्यांचा उबदार रंगही येतो. आणि बटण अर्धं दाबून फोकस आधीच धरून ठेवायची सवय लावा. छोटे कॅमेरे हळू आहेत म्हणून जी तक्रार होते त्यातला बराचसा वेळ फोकसमध्ये जातो.

टिटवी

माझं दुखणं वेगळं. पाणथळीच्या पलीकडच्या काठावर खंड्या बसायचा आणि फोनमध्ये तो निळा ठिपका. म्हणून ३० पट झूमचा खिशात मावणारा कॅमेरा घेतला.

फोटो मिळाला. पण कुठे मिळत नाही हेही सांगते. २४ मिलिमीटर फोकल लांबीपासून (आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं) सुरू होणारा झूम ३० पट झाला की ७२० होतो. तिथे हाताचा श्वासाएवढा हेलकावासुद्धा पक्ष्याला चौकटीबाहेर काढतो. कोपरं फासळ्यांना टेकवायची, शक्य तर झाडाला पाठ लावायची, आणि बसलेल्या पक्ष्यासाठी दोन सेकंदांचा टायमर. उडणारा पक्षी मला चार वर्षांत एकदाच मिळाला. ढगाळ संध्याकाळी हा कॅमेरा जवळजवळ निरुपयोगी ठरतो. जुनाखोका म्हणतात तो दुसरा एफ आकडा इथे भोवतो. आणि दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवाच थरथरत असते, तेव्हा कुठलंही भिंग असो, दूरचं काही धारदार येत नाही. मी सकाळीच जाते.

मेन्यूत जाऊन डिजिटल झूम बंद करा, कॅमेरा कुठलाही असो. तो चित्र नुसतं कापून फुगवतो. ते काम घरी संगणकावर निवांत करता येतं.

तिरीप

अबोली, फ्लॅशचा विचार मी केलाच नव्हता. जुन्या अल्बममधले फ्लॅशचे पांढरेफटक चेहरे डोक्यात बसले होते. टिटवी, मला झूम फारसा लागणार नाही हे तुमच्यामुळे ठरलं.

वापरलेला घेताना काय तपासायचं, हे कोणी लिहील का?

पाणलोट

मी लिहितो, कारण न तपासता घेऊन मी पस्तावलो आहे.

जाहिरातीतले फोटो छान होते. कॅमेरा हातात आला, दिसायला नवाकोरा. पहिल्याच सहलीत आकाशाच्या प्रत्येक फोटोत, तेही झूम केल्यावर, एकाच जागी दोन राखाडी डाग. भिंग पुसलं, डाग तसेच. धूळ आत, सेन्सरवर होती. बाहेर सरकणारं भिंग दर वेळी थोडी हवा आत ओढतं आणि हवेबरोबर धूळ. भिंग बदलायच्या कॅमेऱ्यात सेन्सर साफ करता येतो. इथे सगळा कॅमेरा उघडावा लागतो, आणि दुरुस्तीवाल्याने सांगितलेला खर्च ऐकून मी तो तसाच ठेवून दिला. विकणाऱ्याला हे माहीत होतं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही. वाईट मात्र फार वाटलं.

आता मी प्रत्यक्ष भेटून, स्वतःचं कार्ड घेऊन जातो. पांढऱ्या कागदाचा किंवा मोकळ्या आकाशाचा एक फोटो, पूर्ण झूम करून आणि भिंगाचं छिद्र जितकं बारीक करता येईल तितकं करून (म्हणजे एफचा आकडा मोठा ठेवून); डाग असतील तर त्यात दिसतातच. मग भिंगावर हात दाबून एक काळोखा फोटो, कायमचे पेटलेले ठिपके शोधायला. कॅमेरा आठ-दहा वेळा चालू-बंद करतो आणि कान देऊन ऐकतो. भिंगाच्या मोटारीचा आवाज एकसारखा हवा. करकर किंवा अडखळणं आलं तर मी नम्रपणे परत देतो, कारण छोटे कॅमेरे बहुतेक वेळा भिंग अडकूनच मरतात. फ्लॅश उडवून बघतो. बॅटरी काढून टेबलावर ठेवतो: पोट आलेली असेल तर ती गोल डोलते, आणि तशी बॅटरी वापरायची नाही. खोबणीत हिरवट-पांढरी पूड असेल तर कधीतरी सेल गळलेला आहे. तारीख-वेळ लावून बॅटरी काही मिनिटं काढली आणि घड्याळ शून्यावर गेलं तर आतली छोटी बॅटरी संपलेली असते. त्यावर मी सौदा मोडत नाही, पण दर वेळी तारीख लावायला लागते हे धरून चालतो.

कार्डाचं एक नीट लक्षात ठेवा. २००६ च्या आधीचे बरेच कॅमेरे फक्त साधं एसडी कार्ड, म्हणजे २ जीबीपर्यंतचंच, वाचतात. ४ ते ३२ जीबीचं कार्ड एसडीएचसी असतं. ते खाचेत बसतं, पण जुना कॅमेरा ते ओळखत नाही, आणि मग आपल्याला वाटतं कॅमेराच बिघडला.

दूरच्या विक्रेत्याकडून घ्यायचाच असेल तर मूळ फाइल ईमेलने मागवा. निरोपाच्या ॲपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, कोणत्या कॅमेऱ्याने आणि कधी काढला ही नोंदही त्यातून गळून जाते.

सोनचाफा

माझ्याकडे कॅनन पॉवरशॉट ए मालिकेतला जुना कॅमेरा आहे, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. डोंगरात चार-पाच दिवस वीज नसते तेव्हा त्याच्यासारखा सोबती नाही. साधे अल्कलाइन सेल मात्र चटकन मान टाकतात. रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड घ्या, त्यातही साठवण टिकवून धरणारे. तसे २००५ पासून मिळतात. जुन्या प्रकारचे सेल कपाटात पडल्या पडल्या महिनाभरात बरेचसे रिकामे व्हायचे.

कॅनन पॉवरशॉट असेल तर सीएचडीके नावाचं मोफत सॉफ्टवेअरही पाहून ठेवा. ते कार्डावरून चालतं, कॅमेऱ्यात कायमचा बदल करत नाही, आणि अनेक साध्या मॉडेलमध्येही रॉ फाइल (प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) आणि ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढण्याची सोय देतं. मी रात्रभर ताऱ्यांचे फोटो असे काढले आहेत.

मुक्काम

वेगळा अनुभव. मी घेतला आणि वर्षाने विकला. माझे फोटो सगळे भर उजेडातले, रस्ते, इमारती, डोंगर. तिथे फोन एका दाबात अनेक फोटो घेऊन जुळवतो, त्यामुळे पांढरं आकाश आणि गडद सावली दोन्ही सांभाळली जातात. छोट्या कॅमेऱ्याच्या फोटोत मला ते रॉ फाइलवर बसून करावं लागे, आणि ते मी करत नव्हतो. ज्यांचे फोटो दिवसा आणि रुंद चौकटीचे असतात त्यांनी आधी फोनचं भिंग रोज पुसून बघावं. हे मी मनापासून सांगतो आहे, कॅमेऱ्यांवर राग नाही.

कॉलेजकट्टा

आमच्या गटात सगळे जुने सीसीडी (आधीच्या प्रकारच्या) सेन्सरचे कॅमेरे शोधतायत. मीही मावशीचा बंद पडलेला उघडला, नवी बॅटरी घातली, चालू झाला. ते रंग मला फार आवडतात. २०१० च्या आसपासपर्यंत बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत सीसीडीच असायचे, म्हणून विकत घेण्याआधी घरातले खण उघडा. मागणीमुळे त्यांचे भाव उगाच चढलेत.

जुनाखोका

कॉलेजकट्टा, आवडतात ना, मग वापरा. फक्त मला वाटतं त्यातला मोठा वाटा समोरून पडलेल्या फ्लॅशचा आणि त्या काळच्या रंगप्रक्रियेचा आहे, एकट्या सीसीडीचा नाही. आणि तिरीप यांच्या संध्याकाळच्या खोलीत, फ्लॅशशिवाय, तो कॅमेरा हरेल.

तिरीप

सर्वांचे मनापासून आभार. पाणलोट यांची तपासणी कागदावर उतरवून घेऊन गेले आणि आरएक्स १००, पहिलाच, घेतला. आकाशाच्या फोटोत डाग नाहीत, मोटारीचा आवाज एकसारखा.

काल संध्याकाळी बाबांच्या खोलीत बसले. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडं ठेवत होता आणि नात पुन्हा पुसट. मग शटर प्रायॉरिटी (शटरचा वेळ आपण ठरवायचा मोड) लावून १/१२५ सेकंद केलं. कॅमेऱ्याने एफ १.८ आणि आयएसओ १६०० घेतलं. थोडी दाणेदार झाक आहे, पण ती त्यांच्या कानात काहीतरी सांगते आहे आणि बाबांच्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यासुद्धा मोजता येतात. नंतर अबोली म्हणाल्या तसा फ्लॅशही लावून पाहिला. खोलीचा रंग राहिला, पण बाबांना तो झोत सोसत नाही, म्हणून घरात बंदच ठेवणार.

आता एक अडचण. कॅमेऱ्याबरोबर आलेली बॅटरी जुनी आहे, साठ-सत्तर फोटोंत संपते. नवीचं मोजमाप ३३० फोटोंचं आहे म्हणे. एनपी-बीएक्स१ ही बॅटरी, मूळ कंपनीची सोडून दुसरी, कोणी वर्षभर तरी वापरली आहे का? फुगली का? आणि वेगळा चार्जर घेतलात की कॅमेऱ्यातच चार्ज करता?