बँकेवर निर्बंध आले तेव्हा... तुमचे अनुभव लिहा

काल माळा आवरताना बाबांचं जुनं पासबुक सापडलं. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय, "हजार मिळाले". बँकेचं नाव लिहीत नाही. दूध आणायला गेलेले बाबा शटरवरचा कागद वाचून परत आले आणि म्हणाले, "कलम ३५अ म्हणजे काय गं?" मलाही ठाऊक नव्हतं. बँकिंग नियमन कायद्यातल्या त्या कलमाखाली रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले होते. खात्यात कितीही असो, हातात हजारच. निवृत्तीचे सगळे पैसे तिथे, कारण व्याज थोडं जास्त आणि मॅनेजर ओळखीचे. तीन तास रांगेत उभं राहून त्यांनी त्या नोटा न मोजताच खिशात घातल्या. आयुष्यभर प्रत्येक नोट दोनदा मोजणारा माणूस! तुमच्याकडे कोणावर आलं होतं असं?

---

सासूबाईंचं ऑपरेशन ठरलेलं आणि पैसे अडकले. आजारपणासाठी अर्ज केला तर जास्त रक्कम मिळू शकते, हे शाखेतल्या शिपायाने हळूच सांगितलं. डॉक्टरांचं पत्र, खर्चाचा अंदाज सगळं जोडलं. मिळाले, पण सव्वा महिन्याने. तोवर माझ्या पाटल्या गहाण. कुकर लावलाय, बाकीचं नंतर लिहिते.

---

ताई वाचून कसंतरी झालं. काळजी घ्या सासूबाईंची.

---

आमच्या मामांनी हुशारीने एकाच बँकेच्या तीन शाखांत पैसे विभागले होते. उपयोग शून्य. बँक अडचणीत आली तर मिळणारा ठेवींचा विमा प्रत्येक ठेवीदाराला बँकेमागे मिळतो, शाखेमागे नाही. १९९३ पासून मर्यादा १ लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. त्यातही मुद्दल आणि व्याज दोन्ही धरून. हे ठेव ठेवतानाच काउंटरवर सांगायला नको का?

---

पतसंस्थेला पण आहे का हा विमा? आईचे आहेत तिथे.

---

नाही दादा. पतसंस्थेतल्या ठेवींना डीआयसीजीसीचा (बँक ठेवींचा विमा देणारं रिझर्व्ह बँकेचं महामंडळ) विमा नाही. आईंशी आजच बोला.

---

बोलतो. धन्यवाद.

---

मी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो, कॅशियर. लोक तोंडावर चोर म्हणाले. माझीही मुदत ठेव तिथेच अडकली होती, पण ते कोणाला सांगणार? थकलेलं कर्ज नव्या कर्जाने फेडलं असं दाखवायचं, म्हणजे कागदावर सगळं निरोगी. आम्हाला कुजबूज कळायची, पण संचालक मंडळापुढे बोलणार कोण? त्यात नागरी सहकारी बँकांवर एक हात सहकार निबंधकांचा, दुसरा रिझर्व्ह बँकेचा. बँकिंग नियमन कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेला व्यवस्थापन आणि ऑडिटवर जास्त अधिकार आले. आमच्या ठेवीदारांसाठी फार उशीर झाला होता. एका आजोबांनी विचारलं, "बाळा, मेल्यावर तरी मिळतील का?" त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

---

काका, तुमच्यासारख्यांची बाजू कोणी ऐकतच नाही. 🙏

---

आमचं २०२१ नंतरचं, कायदा बदलल्यावरचं. निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे असा नियम झालाय. त्याआधी बँक बंद होऊन अवसायक (बंद बँकेची देणीघेणी निपटणारा अधिकारी) येईपर्यंत लोक वर्षानुवर्षं थांबायचे. आम्हाला वेळेत आले. आधी खाती आणि केवायसी जुळावं लागतं, म्हणून बाबांचा जुना पत्ता बदलायला माझी दोन दिवस धावपळ झाली. तुमचाही पत्ता बदललाय का बघून घ्या.

---

विषय सोडून विचारते, माळ्यावर अजून काय काय सापडलं? माझ्या बाबांच्या पेन्सिलीच्या नोंदी मी जपून ठेवल्यात.

---

किराणा, विजेचं बिल, माझ्या फीचे हिशेब. सगळं पेन्सिलीनेच.

---

आले परत. व्यनित (खासगी निरोपात) पाटल्यांचं विचारलंत ना, एक सोडवली, दुसरी दिवाळीपर्यंत. सासूबाई आता चालतात. काका, माझं आणि ह्यांचं संयुक्त खातं आणि ह्यांचं एकट्याचं खातं एकाच बँकेत आहे. दोन्हीला वेगळा विमा का?

---

हो वहिनी, दोन्ही वेगळी धरतात. पण त्याच बँकेचं कर्ज असेल तर ते आधी वजा होतं, तेवढं तपासा.