मदत हवी आहे: ईसीटीनंतर आईचा विसराळूपणा

नमस्कार मंडळी. आईला (वय ६१) तीव्र नैराश्य होतं. जेवण सोडलं, पाणीही घेईना, तेव्हा डॉक्टरांनी ईसीटी सुचवली. म्हणजे मेंदूला विजेचा झटका देण्याचा उपचार, लोक ज्याला 'शॉक' म्हणतात तेच, पण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्याशिवाय ईसीटी देण्यावर बंदीच आहे. नातेवाइकांना अजून सिनेमातलाच शॉक दिसतो, असो.

गुण छान आलाय. जेवते, झोपते, मावशीशी फोनवर भांडतेसुद्धा. पण माझ्या भाचीचं लग्न तिला अजिबात आठवत नाही. फोटो दाखवले तर "मी होते तिथे?" विचारते. सकाळी सांगितलेलं दुपारी विसरते. डॉक्टर म्हणाले, नवीन गोष्टी लक्षात राहणं बहुधा काही आठवड्यांत सुधारतं. उपचाराच्या आधीच्या काही महिन्यांच्या आठवणी मात्र काही जणांच्या परत येत नाहीत. तिला इलेक्ट्रोड (ज्यातून वीज जाते ते) डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावले होते. फक्त उजव्या बाजूला लावले तर विसर कमी पडतो, हे आम्हाला नंतर कळलं.

आता मेंटेनन्स ईसीटी, म्हणजे आजार परत उलटू नये म्हणून अधूनमधून द्यायची ईसीटी, देण्याचं चाललंय. एकाच बाजूने किंवा अल्ट्राब्रीफ पल्सने (विजेच्या अगदी कमी वेळाच्या स्पंदांनी) द्या, असं कोणी डॉक्टरांशी बोललंय का? गुण तेवढाच राहिला का? गॅस, बँकेचे व्यवहार पुन्हा कधी सोपवलेत? "आठवत नाही का गं?" म्हटलं की ती रडते, त्यामुळे घरात कसं बोलावं तेही सांगा. उपचार बंद करा, हा सल्ला कृपया नको.