२.२१ टक्के आणि १६ टक्के: ही तफावत कशी?

प्रश्न
२०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्के लोक अपंग असल्याची नोंद झाली. जागतिक आरोग्य संघटना मात्र जगात हे प्रमाण सुमारे १६ टक्के मानते. आपल्याकडे अपंगत्व खरोखर एवढे कमी आहे का?

प्रतिसाद १
मोठा फरक मोजणीचा आहे. त्या जनगणनेत अपंगत्वाचे आठच प्रकार होते. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने २१ मानले आणि त्यांत थॅलेसेमिया व सिकल सेल हे रक्ताचे आजारही आले. शिवाय प्रगणकाने दारात उभे राहून विचारले, तर गुडघ्यांमुळे जिना न उतरणाऱ्या आजीचे नाव सहसा कोणी सांगत नाही. ते ‘वय झाले’ या खात्यात जाते.

प्रतिसाद २
मला लहानपणी पोलिओ झाला. आमच्या गावच्या बसची पहिली पायरी माझ्या गुडघ्याइतकी उंच असल्याने मी आधी कुबडी आत सरकवतो, मग दांडा धरून अंग वर ओढतो, आणि तोवर मागच्यांची ढकलाढकली सुरू झालेली असते. माझे अपंगत्व निम्मे पायात आहे, निम्मे त्या पायरीत.

प्रतिसाद ३
एक पुरवणी: सरकारी नोकरीतील आरक्षणासाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अपंगत्व लागते. माझ्या भावाचे ३५ टक्के भरले.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. आमच्या आजोबांना ऐकू येत नाही, बँकेत पुकारलेला क्रमांक दरवेळी हुकतो. त्यांना आम्ही कधी अपंग म्हटलेच नव्हते.